मुलाखतीआधी दुकान पायाखाली घालावे

साखळी दुकाने, सुपरमार्केट आणि मॉल यांतील आरोग्य व सुरक्षा अधिकाऱ्याच्या मुलाखतीत पहिली अडचण शब्दाचीच येते. मराठीत ‘सुरक्षा’ म्हटले की सेफ्टीही आली आणि सिक्युरिटीही आली. दुकानात या दोघींचे रोज वाजते. चोरी रोखणाऱ्याला मागचे दार कुलूपबंद हवे असते. आग लागल्यावर माणसे बाहेर काढणाऱ्याला तेच दार एका धक्क्यात उघडणारे हवे असते. या दाराबद्दल उमेदवाराचे मत काय, हे मुलाखत घेणारे निरनिराळ्या प्रश्नांतून चाचपत राहतात. तयारीही तेथूनच सुरू करावी.

‘कुलूप काढायला लावीन’ हे अर्धे उत्तर झाले. चोरीची भीती खरी आहे आणि ती स्टोअर मॅनेजरच्या हिशेबात दरमहा दिसते. पुरे उत्तर पॅनिक बारपाशी जाते. दाराच्या आतल्या बाजूला आडवी दांडी असते, तिच्यावर अंगाचा भार पडला की दार बाहेर उघडते. बाहेरून मात्र ते उघडत नाही. दार उघडताच भोंगा वाजेल अशी जोडणीही करता येते. चोराला भोंगा नको असतो, जीव वाचवणाऱ्याला त्याची पर्वा नसते. ‘किल्ली मॅनेजरकडे असतेच की’ हा युक्तिवाद पुढे आलाच, तर धुराने भरलेल्या मजल्यावर किल्लीवाला माणूस शोधायचा कोणी, हे शांतपणे विचारता आले पाहिजे.

या पदांसाठी पुष्कळ अर्ज चाकण, तळोजा, बुटीबोरी अशा औद्योगिक पट्ट्यांतून येतात. औद्योगिक सुरक्षेची पदविका हातात असते आणि कारखाना अधिनियम तोंडपाठ असतो. पण १९४८च्या त्या कायद्यात सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती मुख्यतः एक हजार किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना होती. २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने ती मर्यादा कारखान्यांसाठी ५००वर आणि धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांसाठी २५०वर आणली. बांधकामे आणि खाणी यांनाही आकडे लावून दिले. दुकानांचे नाव त्या यादीत नाही. म्हणजे दुकानातील हे पद बहुधा कंपनीने स्वतःहून निर्माण केलेले असते. कारखान्यातला अधिकारी कायद्याचे कलम दाखवून काम थांबवू शकतो. दुकानातल्या अधिकाऱ्याला आधी आपले म्हणणे पटवून द्यावे लागते. मुलाखतीत या पटवून देण्याचीच परीक्षा असते.

याचा अर्थ दुकानाला कायदा लागू नाही असा मुळीच नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे आगीची यंत्रणा बसवणे आणि चालू स्थितीत ठेवणे ही जागेच्या मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. ती चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत सादर करावे लागते. मॉलमधल्या गाळ्यात दुकान असेल तर जिन्याची, हायड्रंटची आणि पंपाची देखभाल मॉल करतो, गाळ्याच्या आतली यंत्रणा दुकान पाहते. ही सीमा नेमकी कोठे आहे, ते भाडेकरारात वाचून घ्यावे लागते. हे ज्याला सुचते त्याने दुकानात काम केले आहे, हे समोरच्यांना लगेच कळते. दुकाने व आस्थापनांचा २०१७चा राज्याचा कायदा स्वच्छता, उजेड, हवा, आगीपासून बचाव आणि प्रथमोपचार यांबद्दल बोलतो. रात्री साडेनऊनंतर स्त्री कर्मचाऱ्याला कामावर ठेवायचे तर तिची संमती आणि संरक्षणाची सोय हवी, असेही तो सांगतो. बिलिंग साडेदहापर्यंत चालणाऱ्या दुकानात हे कलम रोज लागू पडते, तरी उमेदवार ते एचआरचे म्हणून सोडून देतात. तसे सोडू नये. शेवटची लोकल किंवा बस गाठणारी कॅशियर हीसुद्धा सुरक्षा अधिकाऱ्याचीच जबाबदारी आहे.

कायद्याचे वाचन दोन संध्याकाळींत उरकते. खरी तयारी पायांनी करायची असते. ज्या कंपनीत मुलाखत आहे तिचे जवळचे दुकान ग्राहक म्हणून दोनदा पाहावे: एकदा आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी, माल लागत असताना, आणि एकदा महिन्याच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी, पगार झालेली घरे किराणा भरायला आलेली असताना. हातात यादी असावी, फोटो काढू नयेत, कर्मचाऱ्यांची उलटतपासणी करू नये. नुसते पाहावे.

सकाळी दिसते ते असे. दोन रॅकांमधल्या बोळात माल भरलेले पॅलेट उभे असते आणि त्याला वळसा घालताना ग्राहकाची ट्रॉली दुसरीवर आदळते. खोकी फोडणाऱ्या मुलाच्या हातात उघड्या पात्याचा कटर असतो आणि तो पाते स्वतःच्या अंगाकडे ओढत असतो. वरच्या फळीवरचा डबा काढायला शिडी जवळ नसते, म्हणून तो खालच्या फळीवर पाय देऊन चढतो. पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यांची थप्पी खांद्याच्या वर गेलेली असते. शनिवारी संध्याकाळी चित्र बदलते. बिलाची रांग मागे सरकत थेट बाहेर जाण्याच्या वाटेवर येते, सरकत्या जिन्यावर मूल उलटे धावते, आइस्क्रीमच्या फ्रीजरखाली पाण्याचे थारोळे साचते. पावसाळ्यात दारातल्या पायपुसण्याचा कोपरा दुमडलेला असतो आणि छत्र्यांचे पाणी आतल्या गुळगुळीत फरशीवर चार-पाच पावले पसरते. ‘फरशी ओली आहे’ ही पिवळी पाटी कोठे आहे हेही पाहावे. ती पुष्कळदा भिंतीला टेकवून ठेवलेली सापडते.

इथे कारखान्याची सवय उपयोगी पडत नाही. कारखान्यात फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येकाला हेल्मेट आणि बूट देता येतात, नियम समजावता येतात. दुकानात ग्राहकाला काहीच शिकवता येत नाही. त्यात सत्तर वर्षांच्या आजी असतात, चप्पल घसटत चालणारा माणूस असतो, ट्रॉलीत उभे राहिलेले मूल असते. म्हणून उपायांचा क्रम दुकानात जास्तच काटेकोर पाळावा लागतो: आधी धोका काढून टाकता येतो का, नाहीतर बदलता येतो का, नाहीतर अडवता येतो का, सूचना आणि पाट्या त्यानंतर, हातमोजे आणि बूट सर्वांत शेवटी. ही उतरंड पाठ म्हणून दाखवण्यापेक्षा एका वस्तूवर चालवून दाखवावी. तेलाचे डबे घ्या. ते कमरेच्या खालच्या फळीवर आणले की वरून पडण्याचा धोका निघूनच जातो आणि उचलणाऱ्याचा खांदाही वाचतो. कटरच्या बाबतीत धोका काढता येत नाही, पण पाते आत ओढले जाणारा कटर देऊन तो बदलता येतो. ‘सावध राहा’ असा कागद चिकटवणे हे दोन्हींत सर्वांत कमकुवत काम.

पाहिलेले सांगताना जिभेवर ताबा हवा. ‘तुमच्या दुकानात फार गडबड आहे’ असे म्हटले की समोर बसलेला ऑपरेशन्सचा प्रमुख मिटतो. ‘शनिवारी सातच्या सुमाराला रांग बाहेरच्या वाटेवर येत होती; रांगेचा पट्टा आडवा वळवला तर ती वाट मोकळी राहील’ असे सांगितले तर तो वही उघडतो.

दिवाळीच्या आठवड्याचा प्रश्न बहुतेक मुलाखतींत कोणत्या ना कोणत्या रूपात येतो. गोडाऊन भरले आहे, ट्रक दारात उभा आहे, मॅनेजरने मिठाईची खोकी इमर्जन्सी एक्झिटसमोर रचली आहेत आणि तो म्हणतो, ‘साहेब, दोन तासांत काढतो.’ काय कराल? उमेदवार येथे दोन टोकांना जातात. काही जण लगेच वरिष्ठांना मेल करतात, काही दोन तास देऊन टाकतात. पहिल्या दहा मिनिटांत वाट मोकळी करणे हाच ठाम भाग आहे; तो वाटाघाटीचा नाही. पण माल जाणार कोठे, याचे उत्तरही अधिकाऱ्यानेच शोधायला मदत करायची असते: प्रमोशनचा एखादा स्टँड दोन दिवस बंद ठेवून, ट्रकची उतरणी सकाळवर ढकलून, किंवा स्वतः बाह्या सरसावून खोकी हलवून. मग त्याच संध्याकाळी नोंद, आणि पुढच्या सणाआधी महिनाभर जादा मालाच्या जागेची आखणी. मॅनेजर नकारच देत राहिला तर वर कळवणे आलेच, आणि तसे त्याला तोंडावर सांगून कळवणे.

या हट्टामागचे कारण विचारले गेले तर मुंबईच्या नागपाड्यातील सिटी सेंटर मॉलची आठवण पुरेशी आहे. २२ ऑक्टोबर २०२०च्या रात्री तेथे लागलेली आग विझवायला दोन दिवसांहून अधिक काळ लागला आणि शेजारच्या उंच इमारतीतील सुमारे साडेतीन हजार रहिवाशांना घरे सोडून बाहेर पडावे लागले. दुकानात कापड, पुठ्ठा, प्लॅस्टिक आणि बॅटऱ्या दाटीने भरलेल्या असतात. एकदा धूर भरला की वेळ फार थोडा उरतो.

काही आकडे मात्र जिभेवर हवेत, कारण त्यांवरून हिशेब करता येतो. राष्ट्रीय इमारत संहितेत विक्रीच्या तळमजल्याला माणशी ३ चौरस मीटर आणि वरच्या मजल्यांना ६ चौरस मीटर धरतात. म्हणजे ९०० चौरस मीटरच्या तळमजल्यावर बाहेर पडण्याच्या वाटा ३०० माणसांच्या हिशेबाने मोजायच्या. बाहेर पडण्याच्या दारापर्यंतचे चालण्याचे अंतर साधारण ३० मीटरच्या आत हवे, आणि हाताने वापरायच्या अग्निशामकापर्यंत १५ मीटरच्या आत. अग्निशामकाच्या काट्याने हिरव्या पट्ट्यात असायला हवे, पिनेचे सील शाबूत हवे आणि त्याच्यासमोर स्टँड उभा नसावा. दुकानात वडे-समोसे तळण्याचा काउंटर असेल तर उकळत्या तेलावर पाणी कधीच मारायचे नाही, त्यासाठी वेगळ्या रसायनाचा अग्निशामक लागतो. स्प्रिंकलरच्या खाली दीड फूट जागा रिकामी न ठेवता माल रचला तर पाण्याचा फवारा पसरतच नाही. बॅकरूममध्ये हे सर्रास घडते.

आरोग्याचा भाग उमेदवार एका वाक्यात संपवतात, ही मोठी चूक. दहा तास उभे राहणाऱ्या सेल्सगर्लच्या पोटऱ्या आणि कंबर हा अपघात नसतो, म्हणून तो नोंदवहीत येत नाही. केरळमधील कापड दुकानांतल्या स्त्रियांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला, २०१८ साली तेथील कायद्यात तो हक्क आला, आणि २०२१मध्ये तमिळनाडूनेही तसाच बदल केला. काउंटरमागे एक स्टूल ठेवा म्हणणे किरकोळ वाटते, पण कित्येक दुकानांत अजून ते नाही, आणि हे मुलाखतीत बोलणाऱ्याने खरोखरच माणसांकडे पाहिलेले असते.

अनुभवाचे प्रसंग तीन-चारच निवडावेत आणि त्यांतला एक चुकलेला असावा. थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंद वाढल्याचे सांगणे चांगले. ती वाढणे म्हणजे माणसे बोलू लागली असा अर्थ असतो, आणि ‘आमच्याकडे तीन वर्षे काहीच घडले नाही’ या दाव्यावर जाणता परीक्षक विश्वास ठेवत नाही.

कधी कधी पाच मिनिटे बोलण्याचे प्रात्यक्षिक करायला लावतात. समोर हाउसकीपिंगच्या बायका आणि कंत्राटी हेल्पर आहेत असे समजायचे. येथे इंग्रजी स्लाइडची भाषा कोसळते. ‘ताई, आधी पाटी, मग पाणी. अर्धी फरशी पुसायची, अर्धी कोरडी ठेवायची, म्हणजे माणसांना चालायला वाट राहते. ती वाळली की दुसरी.’ एवढे बोलून पोछा त्यांच्याच हातात द्यायचा आणि करून दाखवायला सांगायचे. हिंदीतही हेच बोलता यावे; बॅकरूममध्ये अर्धी मंडळी बाहेरच्या राज्यांतली असतात.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ असे म्हणतात तेव्हा पगाराआधी तीन गोष्टी विचाराव्यात. हे पद कोणाच्या हाताखाली आहे. विक्रीच्या प्रमुखाच्या असेल तर दिवाळीत दार मोकळे ठेवणे अवघड जाणार. एका अधिकाऱ्याकडे किती दुकाने आहेत. पुणे, सातारा, कोल्हापूर मिळून वीस असतील तर प्रत्येकाला महिन्यातून एकच फेरी येईल आणि प्रत्येक शिफ्टमध्ये एक माणूस तयार करावा लागेल. आणि काम थांबवण्याचा अधिकार नेमणूकपत्रात लिहिलेला आहे का. नसेल तर तो लिहून मिळेल का, हे त्याच टेबलावर विचारून घ्यावे.