विश्लेषण : जाहिरातीसाठी फोन करताना शिष्टाचार कोणता? 'नको' म्हटल्यावर पुन्हा विचारता येते का?

'गणपती झाले की बघू', 'शेठ बाहेर गेलेत', 'दसऱ्याला नक्की करू'... सणांच्या पुरवण्या जवळ आल्या की दुकानदार आणि जाहिरात विक्री प्रतिनिधी यांच्यात हे संवाद ठरलेले असतात. पण भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) व्यावसायिक कॉलचे नियम फेब्रुवारी २०२५ मध्ये कडक केले. त्यामुळे नकोसा फोन आता फक्त सौजन्याचा प्रश्न राहिलेला नाही.

नियम काय सांगतात?

प्रचाराच्या कॉलसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक राखून ठेवलेले आहेत. साध्या दहा अंकी मोबाइलवरून असे कॉल करणे नियमबाह्य ठरते. नोंदणी नसलेल्या अशा क्रमांकाविरुद्ध तक्रार करण्यासाठी 'डीएनडी'मध्ये नाव असण्याचीही अट आता नाही. कॉल आल्यापासून सात दिवसांत १९०९ वर तक्रार करता येते. पूर्वी ही मुदत तीन दिवस होती.

एका क्रमांकाविरुद्ध १० दिवसांत पाच तक्रारी आल्या की कारवाईची प्रक्रिया सुरू होते. पहिल्यांदा दोषी आढळल्यास १५ दिवस आउटगोइंग बंद, पुन्हा तसेच झाल्यास वर्षभरासाठी सेवा खंडित, अशी तरतूद आहे.

फटका कोणाला बसतो?

लहान एजन्सी, होर्डिंगचा व्यवसाय, स्थानिक वाहिन्या आणि साप्ताहिकांचे अनेक प्रतिनिधी स्वतःच्याच सिमवरून फोन करतात. टार्गेट वरिष्ठ ठरवतात, कॉलची यादीही तेच देतात. मात्र तक्रार झाली तर बंद पडतो तो प्रतिनिधीचा स्वतःचा नंबर. घरच्यांशी बोलणे आणि जुने ग्राहक, सगळे त्याच नंबरवर असते.

पाटीवरचा नंबर म्हणजे संमती का?

नाही. दुकानाच्या पाटीवरचा नंबर खरेदीला येणाऱ्यांसाठी असतो. संमती स्पष्टपणे आणि त्या व्यक्तीकडूनच मिळायला हवी. एखाद्याने दिलेली संमती मागे घेतली, तर त्याच कंपनीला ९० दिवस पुन्हा संमती मागता येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश मात्र या नियमांच्या कक्षेत येत नाहीत. तिथे ब्लॉक करणे किंवा समोरच्याचे तारतम्य, एवढाच आधार उरतो.

म्हणून पहिली भेट प्रत्यक्ष किंवा ओळखीतून घ्यावी, 'फोन केला तर चालेल का, कोणत्या वेळी?' हे तिथेच विचारावे आणि त्याची नोंद ठेवावी, हा जुना शिरस्ता आता जास्त सुरक्षितही ठरतो.

दर सांगताना काय पाळावे?

पूर्ण रक्कम सांगावी. समजा, दर चौरस सेंटिमीटरला २०० रुपये आहे आणि जाहिरात १० बाय ८ सेंटिमीटरची आहे. रक्कम झाली १६ हजार. छापील जाहिरातीच्या जागेवर ५ टक्के जीएसटी धरला की १६,८०० रुपये. तेवढ्याच रकमेच्या डिजिटल जाहिरातीवर १८ टक्के, म्हणजे १८,८८० रुपये. कंपोझिशन योजनेतील छोट्या व्यापाऱ्याला या कराचा परतावा मिळत नाही. त्याच्यासाठी 'जीएसटी वेगळा' हे शेवटी पुटपुटलेले दोन शब्द म्हणजे थेट खर्च असतो.

बांधकाम व्यावसायिकाच्या जाहिरातीत महारेरा क्रमांक आणि क्यूआर कोड लागतो. तो नसेल तर छपाईपूर्वीच आठवण करून देणे हेही सौजन्यच. जाहिरात मिळावी म्हणून गप्प बसल्यास दंड ग्राहकाला भरावा लागू शकतो.

ग्राहकाचे काही कर्तव्य आहे का?

आहे, पण ते कोणत्याही नियमात लिहिलेले नाही. 'बघू' म्हणजे नकार, हे आपल्याकडे बोलणाऱ्याला ठाऊक असते, ऐकणाऱ्याला मात्र ती आशा वाटते. तो पुन्हा फोन करतो, फेऱ्या मारतो आणि चौथ्या फोनला तक्रार होते. 'यंदा बजेट नाही, पाडव्याला विचारा' किंवा 'आम्ही जाहिरात करत नाही' एवढे एक वाक्य दोघांचाही वेळ वाचवते.

एकाकडून फुकट डिझाइन करून घ्यायचे आणि ते दुसऱ्याकडे छापायला द्यायचे, किंवा एकाचे दरपत्रक दाखवून दुसऱ्याचा दर पाडायचा, हेही सर्रास चालते. त्यात प्रतिनिधीची मेहनत वाया जाते आणि पुढच्या वेळी खरा दर कोणी आधी सांगत नाही.

पुढे काय?

नियमाने पहिल्या कॉलपुरती रेघ आखली आहे. त्यानंतरचा व्यवहार माणसांवरच अवलंबून आहे. जोवर कार्यालयांत 'आज किती कॉल केले' यावर प्रतिनिधीचे मोजमाप होते, तोवर 'नको' ऐकून थांबणारा प्रतिनिधीच मागे पडलेला दिसेल. त्यामुळे सौजन्याची सुरुवात टार्गेट ठरवणाऱ्यांकडून व्हायला हवी. मिळालेला स्पष्ट नकार हेही पूर्ण झालेले काम म्हणून नोंदवले गेले, तर पाचव्या तक्रारीची वेळच येणार नाही.