गॅरेजमधली २७ वर्षं

"अहो, ती स्कूटर यंदा तरी भंगारात द्या!" दर दिवाळीच्या साफसफाईत आईचा हा डायलॉग ठरलेला. "असू दे गं, रिटायर झालो की बघतो तिच्याकडे," हे बाबांचं उत्तरही ठरलेलं. या वादात मी कायम आईच्या पार्टीत. पण परवा एका अमेरिकन मस्टँगची गोष्ट वाचली आणि चक्क पक्षांतर केलं!

गोष्ट १५ एप्रिल १९६४ची. शिकागोतली २२ वर्षांची एक शिक्षिका गाडी घ्यायला फोर्डच्या शोरूममध्ये गेली. तिला हवी होती कन्व्हर्टिबल, म्हणजे टप उघडणारी. बाहेर तशी एकही नव्हती. सेल्समनने तिला मागच्या खोलीत नेलं आणि एका गाडीवरचं कापड बाजूला केलं. आकाशी निळी मस्टँग! बाजारात यायला अजून दोन दिवस होते, पण बाईंनी तिथल्या तिथे 'हीच पाहिजे' म्हणून टाकलं. किंमत साडेतीन हजार डॉलरच्या आसपास, पगार वर्षाला पाच हजार. पैसे अर्थातच आईवडिलांकडून उसने. (तुमच्या पहिल्या बाइकचं डाउन पेमेंट कुणी भरलं होतं, आठवतंय ना?)

पुढे लग्न झालं, चार मुलं झाली, गाडी गंजली. १९७९च्या सुमारास नवऱ्याने ती गॅरेजमध्ये ढकलली. बाई म्हणायच्या, काढून टाक. नवरा म्हणायचा, रिटायर झाल्यावर दुरुस्त करीन. असं तब्बल २७ वर्षं चाललं! पण पठ्ठ्याने शब्द पाळला. इंजिन, ब्रेक, सगळं नव्याने करून गाडी रस्त्यावर आणली.

खरी गंमत त्यानंतरची. पहिली मस्टँग आपण घेतली, असा दुसऱ्याच कुणाचा तरी दावा त्याला इंटरनेटवर दिसला. तारीख पाहिली, तर यांची पावती एक दिवस आधीची! पहिल्या वर्षभरात चार लाखांहून जास्त मस्टँग विकल्या गेल्या. त्यातली अमेरिकेत विकलेली पहिली म्हणून आज हीच ओळखली जाते.

मला भावलं ते वेगळंच. गाडी जपली, तेव्हा त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती बायकोची पहिली गाडी होती, एवढंच कारण पुरेसं होतं. आणि नुसती जपली नाही, वेळ आल्यावर हात काळे केले.

बाबा येत्या मार्चमध्ये रिटायर होतायत. मी मेकॅनिकचा नंबर काढून ठेवलाय. आईला एवढ्यात सांगू नका, प्लीज!