संगणकाशी गप्पा : अख्खी ट्रंक नको, एकच वही हवी



गेल्या अंकानंतर एका वाचक भगिनींनी विचारलं आहे : घरचा विंडोज एक्सपीचा जुना संगणक मोडीत काढताना यजमानांनी त्याचं 'व्हर्च्युअल मशीन' करून ठेवलं. सासऱ्यांनी टाइप केलेल्या आठवणी त्यातच आहेत. ते मशीन आता सुरू होत नाही, पण बॅकअप बाहेरच्या डिस्कवर आहे. त्यातून तेवढी एक फाइल निघेल का?

बहुतेक निघेल. व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या पोटातला संगणक. त्याची अख्खी हार्ड डिस्क आपल्याकडे बहुधा एकाच भल्यामोठ्या फाइलच्या रूपात असते. व्हीएमवेअरमध्ये तिचं शेपूट 'व्हीएमडीके', व्हर्च्युअलबॉक्समध्ये 'व्हीडीआय', तर मायक्रोसॉफ्टच्या घरात 'व्हीएचडी' किंवा 'व्हीएचडीएक्स'. माळ्यावरच्या ट्रंकेतली एक वही हवी असेल तर ट्रंक खाली उतरवावी लागत नाही, झाकण उघडलं की पुरे. इथंही मशीन सुरू करायची गरज नाही. एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्ये थांबवली, तेव्हा ते इंटरनेटला न जोडलेलंच बरं!

आता कृती. आधी बॅकअपची प्रत काढा आणि प्रतीवरच काम करा. फाइल व्हीएचडी असेल तर विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये 'अटॅच व्हीएचडी' निवडा आणि 'रीड-ओन्ली'च्या चौकोनात खूण करायला विसरू नका, म्हणजे चुकूनही काही पुसलं जाणार नाही. नवा ड्राइव्ह दिसू लागेल. व्हीएमडीके किंवा व्हीडीआय असेल तर 'सेव्हन-झिप' हा फुकट मिळणारा प्रोग्राम ती बऱ्याचदा उघडतो. एक्सपीत घरच्यांची कागदपत्रं 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या फोल्डरमध्ये असत, 'यूजर्स'मध्ये नव्हे. तिथं शोधा आणि हवी ती फाइल बाहेर कॉपी करा.

पण थांबा, मराठी माणसाची खरी गंमत पुढेच आहे! त्या काळी आपण बहुधा युनिकोडमध्ये टाइप करत नसू. फाइल उघडली की 'आई'च्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं दिसतील. घाबरू नका, मजकूर शाबूत आहे, फक्त फॉन्ट नाही. त्याच डिस्कवर 'विंडोज'मधल्या 'फॉन्ट्स' फोल्डरमध्ये तो असेल. तोही सोबत आणा. मग एकदा छापून ठेवा आणि सवडीने युनिकोडमध्ये उतरवून घ्या.

अडचणी दोन. 'स्नॅपशॉट' म्हणजे बॅकअप नव्हे. त्यात फक्त नंतरचे बदल असतात. मूळ डिस्क-फाइल नसेल तर एकट्या स्नॅपशॉटचा उपयोग नाही. दुसरी, डिस्कला कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन, घातलं असेल तर किल्ली हवीच. ती त्याच डिस्कवर ठेवणं म्हणजे चावी तिजोरीत ठेवून तिजोरी बंद करणं!

आणि एक विनंती. बॅकअप आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका. आपला अंक तीन महिन्यांनी येतो. तो हातात पडला की बॅकअपमधली कुठलीही एक फाइल बाहेर काढून उघडून पाहा. उघडली तर बॅकअप खरा. आणि घरात वडीलधारी मंडळी असतील तर ती फाइल त्यांच्याच शेजारी बसून वाचा. फॉन्ट हरवला तर सापडतो, पण फोटोत मागे उभ्या असलेल्या त्या मावशी कोण, हे सांगणारं माणूस कुठल्याही बॅकअपमध्ये नसतं.

प्रश्न जरूर पाठवा. भेटू पुढच्या अंकात!