भाडेकरू गाळा सोडत नाही? कुलूप तोडण्याआधी हे वाचा

जालना जिल्ह्यात शेतीच्या जोडीला भाड्याचं उत्पन्न हा आता अनेक घरांचा आधार झाला आहे. एमआयडीसीतल्या स्टील कारखान्यांत कामाला आलेले परप्रांतीय कामगार आसपास खोल्या घेऊन राहतात. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, २०२३ मध्ये जालना महानगरपालिका झाली. तालुक्याच्या गावात, फाट्यावर, बसस्थानकासमोर ज्याच्याकडे चार पैसे आले त्याने दोन गाळे काढले. एक कृषी सेवा केंद्राला दिला, एक मोबाईलवाल्याला.

देताना व्यवहार तोंडी किंवा साध्या बाँडवर. भांडण लागतं ते नंतर. भाडं थकतं, भाडेकरू म्हणतो "बघू", आणि मालक दोनच वाटा पाहतो: पोलीस ठाणे नाहीतर कुलूप. दोन्ही चुकीच्या आहेत. यात भरडला जातो तो पंधरा गाळ्यांचा मालक नाही. नवरा वारल्यावर एका गाळ्याच्या भाड्यावर घर चालवणारी बाई किंवा एका खोलीवर औषधपाणी भागवणारं म्हातारं जोडपं, यांचं नुकसान जास्त होतं.

पोलीस आणि तहसीलदार का हात वर करतात?

भाडेकरूला बाहेर काढणं हा दिवाणी वाद आहे. मारहाण, धमकी, फसवणूक असेल तर पोलीस गुन्हा घेतील, पण गाळा रिकामा करून देणं त्यांच्या अधिकारात नाही. तहसीलदाराकडेही घर-गाळ्याच्या भाड्याचा विषय येत नाही. मराठवाड्यात शेतजमिनीच्या कुळाचं प्रकरण तहसीलदारासमोर चालतं, ते १९५० च्या हैदराबाद कूळवहिवाट कायद्यामुळे. तो कायदा वेगळा आणि घरभाड्याचा वेगळा. लोकं या दोन्हींची गल्लत करतात आणि तहसीलच्या चकरांत वर्ष घालवतात.

आता कुलूप. सुप्रीम कोर्टाने अनेक निकालांत एक गोष्ट पक्की केली आहे: शांतपणे ताब्यात असलेल्या माणसाला कायद्याच्या मार्गानेच काढता येतं. तुम्ही बळजबरीने सामान बाहेर टाकलं तर भाडेकरू सहा महिन्यांच्या आत विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ६ खाली दावा लावू शकतो. त्यात मालक कोण हे कोर्ट पाहतच नाही, ताबा कोणाचा होता एवढंच पाहतं. म्हणजे गाळा तुमचा, पण आरोपीसारखे उभे तुम्ही. पाणी किंवा लाईट तोडणं हाही भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे गुन्हा आहे.

कायदा कोणता लागतो?

आपल्याकडे पूर्वी निजामी भागासाठीचा १९५४ चा हैदराबाद घरभाडे कायदा होता. जुनी मंडळी अजून "रेंट कंट्रोलर"चं नाव काढतात ते त्यामुळे. ३१ मार्च २००० पासून सगळ्या राज्यासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला. हा कायदा अनुसूचीत दिलेल्या शहरी भागांना लागतो. तुमचं गाव त्या यादीत आहे का, हा वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न.

यादीत असेल तर मालकाला कारण दाखवावं लागतं. स्वतःला किंवा घरच्याला खरी गरज आहे, भाडेकरूने लेखी परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला, पक्कं बांधकाम केलं, सहा महिने जागा विनाकारण बंद ठेवली, शेजाऱ्यांना उपद्रव केला, ही त्यातली मुख्य कारणं. थकबाकीचं कारण असेल तर आधी लेखी मागणीची नोटीस द्यायची आणि ९० दिवस थांबायचं. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने सगळी थकबाकी १५ टक्के सरळव्याजाने भरली आणि पुढे भाडं भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावर तो निघत नाही. म्हणून फक्त थकबाकीवर दावा उभा करू नका. दुसरं खरं कारण असेल तर तेही मांडा.

गाव यादीत नसेल तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो. महिन्याच्या भाड्यावर दिलेल्या जागेसाठी कलम १०६ ची १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेपट्टा संपवता येतो, मग दिवाणी कोर्टात दावा. शहरी भागातही बँका, सरकारी महामंडळं आणि एक कोटी किंवा जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांना भाडे नियंत्रणाचं संरक्षण नाही. जागा बँकेला किंवा मोठ्या कंपनीला दिली असेल तर हे लक्षात ठेवा.

अकरा महिन्यांच्या बाँडचा गैरसमज

"अकरा महिन्यांचा बाँड आहे, नोटरी केली आहे" हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. पण १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

उलट, राहण्याच्या खोलीचा 'लिव्ह अँड लायसन्स' करार नोंदवलेला असेल तर वाट फार सोपी होते. मुदत संपूनही माणूस निघाला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. समोरच्याने ३० दिवसांत बाजू मांडण्याची परवानगी मागितली नाही, तर तुमचं म्हणणं कबूल धरलं जातं. शिवाय जास्त राहिलेल्या काळासाठी दुप्पट रक्कम मागता येते. ही सोय फक्त राहण्याच्या जागेला आहे, दुकानाच्या गाळ्याला नाही. असा करार घरबसल्या ऑनलाईनही नोंदवता येतो. त्याचा खर्च एका हंगामातल्या फवारणीपेक्षा कमी आहे, पण तो वाचवण्यात आपण पाच-सात वर्षांचं कोर्ट विकत घेतो.

"बारा वर्षं झाली, आता गाळा त्याचा"

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी ही भीती अर्धवट आहे. जो भाडेकरू म्हणून आत आला, तो भाडेकरू असताना "तू मालक नाहीस" असं म्हणू शकत नाही. वीस वर्षं भाडं दिलं म्हणून जागा त्याची होत नाही. पण भाडेपट्टा कायदेशीर संपल्यानंतर ताब्याचा दावा १२ वर्षांत आणि थकीत भाड्याचा दावा ३ वर्षांत लावावा लागतो. नोटीस देऊन झोपून राहिलात तर नुकसान तुमचंच.

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर मात्र लक्ष ठेवा. त्यात मालकासोबत भोगवटादाराचं नाव असतं. नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नाही, तरीही तिथे भाडेकरूचं नाव घुसलं तर वाद लांबतो. दरवर्षी उतारा काढून पाहा. घर अजून आजोबांच्या नावावर असेल तरी घाबरू नका. इतर हिस्सेदारांचा विरोध नसेल तर एक सहहिस्सेदारही दावा लावू शकतो.

वकिलाला पैसे नाहीत, मग?

ही गोष्ट सर्वांत कमी लोकांना माहीत आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील फक्त आरोपीला मिळतो असं नाही. कोणतीही महिला, उत्पन्न कितीही असो, पात्र आहे. अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांगही पात्र आहेत. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. घरमालक असणं ही अडचण नाही. अर्ज जालन्यातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे करायचा. प्रकरणात दम दिसला तर वकील, कोर्ट फी, नकला यांचा खर्च तेच करतात. हेल्पलाईन १५१००.

तिथेच दावा लावण्याआधी लोकअदालतीत तडजोडीचा अर्जही करता येतो. भाडेकरूला चार महिने द्या, थोडी थकबाकी सोडा, तारीख लिहून घ्या. लोकअदालतीचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. लहान मालकासाठी अनेकदा हीच फायद्याची वाट ठरते. भाडेकरूही शेवटी आपल्यातलाच असतो, धंदा बसल्याने थकलेला. त्याच्या पोटाचाही विचार तडजोडीत होतो.

कोर्टात जिंकलात तरी ताबा आपोआप मिळत नाही. त्यासाठी दरखास्त लावावी लागते, मग बेलिफ येतो. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा, असं सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२१ मध्ये खालच्या कोर्टांना सांगितलं आहे. तारखा पडत असतील तर वकिलाला त्या निकालाची आठवण करून द्या.

कायदा भाडेकरूच्या बाजूचा आहे, अशी ओरड आपण करतो. अनुभव असा की कायदा कागदवाल्याच्या बाजूचा आहे. भाडं ऑनलाईन घ्या किंवा पावती द्या, करार नोंदवा, नोटीस पोहोच-पावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा, मागितल्याचा पुरावा ठेवा. विधी सेवा समितीची शिबिरं गावात होतात. पुढचं शिबिर घरभाड्यावर घ्या, असा ठराव ग्रामसभेत करून पाठवायला काहीच खर्च येत नाही.