मडक्याचे गोत्र

आमच्या एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात काचेचे कपाट आहे. त्यात दोन काळी भांडी शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. एक अमेरिकेच्या न्यू मेक्सिको प्रांतातील प्वेब्लो लोकांचे, दुसरे आमच्या सिरोंच्याकडचे. दोहोंच्या काळेपणाची युक्ती एकच : भाजताना धूर आतल्या आत कोंडावयाचा. पहिल्याच्या बुडाशी कारागिरणीची सही आहे. आणि तिची आई कोण, आजी कोण, गाव कोणते, हे सांगण्यात स्नेह्यांनी पाव तास घालविला. मग आम्ही दुसऱ्याकडे बोट केले व विचारले, "हे कुणाचे?" त्यावर ते हसून म्हणाले, "असेल कुणी तरी कुंभार!" कपाटातील पितळी पट्टीवर 'ग्रामीण कला, सिरोंचा' एवढीच अक्षरे होती.

या हसण्याशी आमचे भांडण आहे. हसणारे गृहस्थ सुशिक्षित आहेत, रसिक आहेत, आणि त्यांच्यापाशी समर्थनही तयार आहे. ते म्हणतात, आपली कला निर्वैयक्तिक. अजिंठ्याच्या चिताऱ्याने तरी कोठे सही केली? परंतु अजिंठ्याचा चितारी आज विचारावयास सापडत नाही. सिरोंच्याचा कुंभार सापडतो. शिवाय सही हा प्वेब्लो लोकांचाही कुलाचार नव्हे. सान इल्डेफोन्सो येथील मारिया मार्टिनेझ ही 1920 नंतरच्या दशकात भांड्यांवर सही करू लागली, ती गिऱ्हाइकांच्या आग्रहामुळे. तिच्या आधीची नाम्पेयो ही होपी प्रदेशातील कारागीरण 1942 साली वारली. तिला लिहिता येत नव्हते. तरी तिचे नाव, तिच्या मुली, नाती व पणत्या सर्वांस ठाऊक आहेत. कां, तर कुणी तरी विचारले आणि लिहून ठेवले.

दुसरे समर्थन अधिक वजनदार आहे. आमचे मडके फुटण्यासाठीच असते, असे ते म्हणतात. संक्रांतीचे सुगड, नवरात्राचा घट, अक्षय्य तृतीयेची घागर, आणि शेवटी तिरडीपुढे चालणारे ते एक. यांतले टिकवून ठेवावयाचे असे काय आहे? हे खरे आहे. पण फुटते ते मडके. घडविणारा हात फुटत नाही. किंबहुना मडके फुटते म्हणूनच कुंभाराच्या दारी वारंवार जावे लागते, आणि जाणाऱ्यास ते दार कुणाचे हे पक्के माहीत असते. बलुत्याच्या व्यवस्थेत अन्याय पुष्कळ होता, तिची आम्ही आरती ओवाळीत नाही. परंतु तीत मडके निनावी कधीच नव्हते. खळ्यावर धान्य कोणत्या घराला मोजावयाचे हे ठाऊक असल्यावाचून बलुते चालेल कसे?

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सिरोंच्यास गेलो होतो. प्राणहिता व गोदावरी यांच्या संगमावरचे हे गाव, गडचिरोलीहून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर. बाजारात मराठीपेक्षा तेलुगूच जास्त कानी पडते, आणि कुंभारास तेथे कुम्मरी म्हणतात. एक म्हातारी गिऱ्हाईक मडक्यावर बोटाची टिचकी मारून नाद ऐकत होती. विकणारीस ती म्हणाली, "तुझ्या सासऱ्याचा हात जड होता, पण पाणी गार राहायचे." आम्हांस हे वाक्य दुभाष्याने सांगितले. एवढ्या एका वाक्यात दोन पिढ्यांची समीक्षा होती! पट्टीवर ती कोठे आली? मडके निनावी केले आहे ते परंपरेने नव्हे, आमच्या कपाटांनी.

आणि नाव लिहावयाचे तर एकच लिहून भागणार नाही. चाकावर पुरुष बसतो, म्हणून कारागीर तो, असे आम्ही धरून चालतो. माती चाळणारी, मळणारी, रंग देणारी, टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठणारी ती कोण? प्वेब्लोंत चाक नसते. मारिया मातीच्या वळ्या रचून भांडे उभारी व तिचा नवरा ज्युलियन त्यावर नक्षी काढी, आणि बुडाशी दोघांची नावे येत.

नावाचा बाजार होतो, हा आक्षेप मात्र आम्ही मान्य करतो. मारियाच्या सहीला भाव आला तेव्हा तिने गावातल्या इतर बायकांच्या भांड्यांवरही सही केली, असे सांगतात. संग्राहकांस याचा राग येतो. आम्हांस त्यात गावकीची जाण दिसते. परंतु आमच्याकडे भीती नाव महागण्याची नाही. नाव मुळी लागतच नाही याची आहे. नागपूरजवळ माहुरझरीच्या महापाषाणीय थडग्यांत सापडलेल्या काळ्या-तांबड्या खापरांचा अभ्यास पंडितांनी बारकाईने केला, आणि तो योग्यच आहे. सरकारही 2023 पासून विश्वकर्मा योजनेखाली कुंभारास नावानिशी ओळखपत्र देते. मेलेल्या खापराची नोंद आहे, सरकारदप्तरी जिवंत कुंभाराचीही आहे. रसिकाच्या दप्तरी तेवढी नाही.

आमच्या स्नेह्यांस आम्ही हे सर्व ऐकविले. पट्टी बदलावयाचे त्यांनी कबूलही केले. मात्र नाव विचारावयाचे कुणाला, असा प्रश्न पडला. कारण सिरोंच्याचे ते मडके त्यांनी नागपूरच्या एका दुकानातून घेतले होते, आणि दुकानदारास गावाचे नावदेखील पावती पाहून सांगावे लागले होते.