घराची हमी : विकत घ्यावी की लिहून घ्यावी?

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यात घर ही बहुधा एकदाच होणारी खरेदी असते. भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम, पतसंस्थेचे वा बँकेचे कर्ज आणि घरातील किडूकमिडूक एकत्र करून ती केली जाते. अशा वेळी ‘पुढे काही बिघडले तर आम्ही पाहून घेऊ’ असे आश्वासन कोणी विकू लागल्यास ते घेण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. अमेरिकेत वार्षिक शुल्क घेऊन घरातील उपकरणांची व नळ-विजेची दुरुस्ती करून देणारे करार सर्रास विकले जातात. आपल्याकडे हा व्यवहार मुख्यत्वे फ्रीज, टीव्ही वा वातानुकूलन यंत्राच्या ‘वाढीव वॉरंटी’च्या रूपाने आला आहे. तेव्हा अशी हमी विकत घ्यावी काय, हा प्रश्न आता दूरदेशीचा राहिलेला नाही.

त्याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. २० हजारांच्या फ्रीजवर २ वर्षांची वाढीव वॉरंटी २ हजारांना मिळते, असे धरू. या काळात दहांपैकी एक फ्रीज बिघडतो व दुरुस्तीस ४ हजार लागतात, असे मानले, तर प्रत्येक ग्राहकाच्या वाट्याची सरासरी हानी ४०० रुपयेच भरते. उरलेले १६०० रुपये विक्रेत्याचा खर्च व नफा भागवितात. तात्पर्य, जी हानी पगारातून सोसता येते, तिच्यासाठी हमी विकत घेणे हा तोट्याचा सौदा होय. तेच पैसे बाजूस ठेवावेत, हे बरे. याउलट आग, पूर वा भूकंप यांनी होणारी हानी क्वचित होते. पण झाल्यास कुटुंबाला उभ्या आयुष्यात सावरू देत नाही. तेथे विमा उतरविणेच शहाणपणाचे. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही समान अटींची पॉलिसी देणे बंधनकारक केले, ते याच गरजेपोटी. मात्र निकृष्ट बांधकामाची भरपाई असा विमा देत नाही, हे विसरता कामा नये.

मग निकृष्ट बांधकामाचे काय? सदनिका घेणाऱ्यास कायद्याने हमी अगोदरच दिली आहे, आणि तीही विनामूल्य. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातील दोष निदर्शनास आणल्यास विकासकाने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दूर केला पाहिजे. न केल्यास भरपाई द्यावी लागते. महाराष्ट्रात यासाठी २०१७ पासून ‘महारेरा’ कार्यरत आहे. जे कायद्याने मिळालेच आहे, त्यासाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण नाही.

परंतु हे संरक्षण चांदूर रेल्वेसारख्या तालुक्याच्या गावी फारसे पोहोचत नाही. तेथील शिक्षक वा कारकून बहुधा सदनिका घेत नाही. तो प्लॉट घेतो आणि ठेकेदाराकडून घर बांधून घेतो. स्वतःच्या प्लॉटवरचे असे घर महारेराच्या कक्षेत येत नाही. आणि खरा धोका तर तेथेच आहे. वऱ्हाडची काळी जमीन कपाशीला मानवते, भिंतींना मानवत नाही. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि पाया उथळ असल्यास दोन-तीन वर्षांत भिंतींना तिरप्या भेगा पडतात. भेग दिसेपर्यंत ठेकेदाराचा हिशेब चुकता झालेला असतो आणि करार बहुधा तोंडीच असतो.

ग्राहक न्यायालयाचा मार्ग येथेही खुला आहे. घरबांधणी ही ‘सेवा’ आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९३ सालीच लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात दिला. २०१९ च्या कायद्याने ग्राहकास आपल्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, आणि मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्कही लागत नाही. पण तक्रार दोन वर्षांच्या मुदतीत व्हावी लागते आणि तिला कागदाचा आधार लागतो.

म्हणून येथे हमी लिहून घेतली पाहिजे. पायाची खोली, जोत्याचा बीम, सळई-सिमेंटचे प्रमाण व दोष दुरुस्तीची मुदत करारात असावी. सरकारी कामांत ठेकेदाराची अनामत दोषदायित्व कालावधी संपेपर्यंत रोखली जाते. तोच न्याय खासगी घरास लावून एकूण रकमेचा काही भाग, समजा शेकडा ५, एक पावसाळा व एक उन्हाळा उलटेपर्यंत राखून ठेवावा. काळ्या जमिनीवरील बांधकामाची परीक्षा तेवढ्या काळात सुरू झालेली असते.

गावात ठेकेदार बहुधा ओळखीचा असतो. त्याच्याकडून लिहून घेणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असा संकोच होतो. वस्तुतः लेखी करार दोघांचेही रक्षण करतो. मालकाच्या वाढत्या मागण्यांनाही त्याने आळा बसतो. शिवाय छोट्या ठेकेदाराची इच्छा असली, तरी भरपाईची ऐपत असेलच असे नाही. हाती राखलेली रक्कम ही शब्दापेक्षा भरवशाची असते. मातीची तपासणी आणि पक्का पाया यांवर अगोदर केलेला खर्च त्याहूनही भरवशाचा; कारण हमी फार तर भेग बुजविते, पाया ती पडूच देत नाही.