खेळांच्या फितींचेही दप्तर हवे

दूरदर्शनवरील जुन्या खेळ-कार्यक्रमांचे भाग जतन करणे हा द्रव्याचा अपव्यय होय, असे जे मत गतांकातील पत्रलेखकांनी मांडले आहे, ते मला सर्वथा अमान्य आहे. महागडी फीत पुसून तिच्यावर पुनश्च चित्रण करण्याचा जो प्रघात एके काळी जगभर होता, त्यापायी अमेरिकेत १९६४ साली सुरू झालेल्या ‘जेपर्डी’ या प्रश्नमंजुषेच्या मूळ मालिकेचे बहुतेक भाग नष्ट झाले; १९७२ साली सुरू झालेले आपले मुंबई दूरदर्शनही त्यास अपवाद नव्हते. २००४ पासून ‘होम मिनिस्टर’ या मराठी खेळ-कार्यक्रमात आदेश बांदेकरांनी घरोघरी जाऊन ज्या गृहिणींना पैठणीसाठी खेळविले, त्यांची बोली, त्यांचे उखाणे, सासू-सुनांचे संकोच, हे सारे कोणत्या गॅझेटियरात सापडणार? आमच्या भंडाऱ्याची झाडीबोली तर छापील कागदावर आधीच विरळ! १९५४ च्या कायद्यान्वये प्रत्येक ग्रंथाची प्रत मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह ठरावीक ग्रंथालयांत दाखल करावी लागते. प्रक्षेपित कार्यक्रमांस तशी सक्ती नाही, ही खरी उणीव. सरकारने तशी तरतूद करून वाहिन्यांकडून प्रत्येक भागाची प्रत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात दाखल करून घ्यावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

— एक वाचक, साकोली (जि. भंडारा)